दिवा लागतो, आवाज नाही
चोरबाजारातून आणलेल्या जुन्या जपानी अ‍ॅम्प्लिफायरचा दिवा लागला, पण आवाज नाही, की लोक लगेच स्क्रू-ड्रायव्हर शोधतात. जरा दम धरा. आधी ‘टेप मॉनिटर’चं बटण बघा. ते दाबलेलं असेल तर यंत्र कॅसेट डेककडे कान लावून बसतं, आणि डेक तर केव्हाच भंगारात गेलेला! काही मॉडेलांत मागे ‘प्री-आउट’ आणि ‘मेन-इन’ जोडणारी यू आकाराची छोटी पट्टी असते. ती नसेल तर आवाज पुढे जातच नाही, आणि ती हमखास हरवलेली. सुरू केल्यावर काही सेकंदांत स्पीकर जोडणाऱ्या रिलेची ‘टक्’ ऐकू येत नसेल, तर बंद करून स्पीकरच्या तारा तपासा. तांब्याचा एक सुटा केस शेजारच्या टर्मिनलला टेकला तरी रिले अडून बसायला पुरे. झाकण मात्र जाणत्यानेच उघडावं. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज दबा धरून असते.