सिस्टरची बढती हा आपलाही प्रश्न आहे

दरवर्षी १२ मे आला की दवाखान्यादवाखान्यांतून फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या फोटोला हार पडतो, मेणबत्त्या पेटतात, शपथ म्हटली जाते. 'परिचारिका म्हणजे सेवा, त्याग आणि ममतेची मूर्ती' असे सांगून पाहुणे निघून जातात. १३ तारखेला त्याच सिस्टर भरलेल्या वॉर्डात रात्रपाळीला एकट्या उभ्या असतात. मूर्तीला पगार लागत नाही, बढती लागत नाही, अभ्यासरजा लागत नाही. बाईला मूर्ती करून ठेवण्यात व्यवस्थेचा फायदा काय असतो, हे स्त्री चळवळीतल्या मैत्रिणींना वेगळे सांगायला नको.

परभणी जिल्ह्यात गावोगावच्या महिला मंडळांबरोबर काम करताना सरकारी दवाखान्याचा विषय निघाला की पहिली तक्रार सिस्टरची येते. 'नर्सबाई वसकन अंगावर येते', 'बाळंतिणीवर हात उगारते'. ही तक्रार खोटी नाही आणि तिच्याकडे मी पुढे येणारच आहे. पण त्याच सिस्टरला वर चढायला शिडी आहे का, तिला शिकायला आणि शिकवायला मिळते का, तिच्या शब्दाला दवाखान्यात किंमत आहे का, हे प्रश्न आपल्या बैठकांत क्वचितच निघतात. ते निघायला हवेत, असे मला वाटते.

महाराष्ट्रात बाईने घराबाहेर पडून सन्मानाने कमावण्याचे जे पहिले रस्ते झाले, त्यात शाळेबरोबर दवाखाना होता. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता गेल्या. मुंबईत स्त्रियांसाठीचे कामा हॉस्पिटल १८८६ मध्ये सुरू झाले. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने विसाव्या शतकाच्या आरंभी विधवा आणि परित्यक्ता बायकांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळवले. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, जातपात न पाहता कुणाचेही मलमूत्र काढायचे, रात्री घराबाहेर राहायचे, या तिन्ही गोष्टी त्या काळच्या समाजाला मान्य नव्हत्या. म्हणून परिचर्येचे शिक्षण घेणारी बाई ही केवळ नोकरी करणारी बाई नव्हती, ती रूढी मोडणारी बाई होती. आजही आपल्याकडे 'मुलगी नर्सिंगला आहे' म्हटल्यावर स्थळ सांगून आलेले लोक रात्रपाळीबद्दल विचारतातच.

नाइटिंगेलबाईंचेही आपण असेच केले. त्यांच्या हातातला दिवा तेवढा ठेवला आणि वही काढून घेतली. या बाई आकडेवारीच्या तज्ज्ञ होत्या. सैनिक जखमांपेक्षा घाणीने आणि साथींनी जास्त मरतात, हे त्यांनी तक्ते काढून सरकारपुढे मांडले. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात त्यांनी प्रशिक्षण शाळा काढली, तेव्हा परिचारिकांवर अधिकार परिचारिकांमधल्याच अनुभवी बाईचा असावा, हा त्यांचा आग्रह होता. म्हणजे नेतृत्व, शिक्षण आणि व्यावसायिक विकास या तिन्ही गोष्टी या व्यवसायाच्या पायातच होत्या. त्या आता कुणी नव्याने मागते आहे असे नाही.

आता आपल्याकडची शिडी पाहू. सरकारी दवाखान्यात मुलगी अधिपरिचारिका म्हणून लागते. पुढे परिसेविका, मग सहायक अधिसेविका आणि अधिसेविका. शिक्षणाच्या बाजूला पाठ्यनिर्देशिका आणि प्राचार्या. कागदावर शिडी बरी दिसते. पण वरच्या जागा मूठभर, त्याही वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत आणि सेवाज्येष्ठतेच्या याद्या रखडतात. परिसेविका होईपर्यंत केस पिकतात. अधिसेविका झाली तरी जिल्ह्याच्या पातळीवर अंतिम शब्द जिल्हा शल्यचिकित्सकाचा, आणि जिल्हा परिषदेकडच्या आरोग्य सेविकांवर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याचा. दोघेही डॉक्टर. दवाखान्यातला सर्वांत मोठा कर्मचारीवर्ग परिचारिकांचा, पण तो कुठे, किती आणि कसा राबवायचा हे ठरवणारे दुसरेच.

खेड्यातली शिडी तर याहून तोकडी. उपकेंद्रातली आरोग्य सेविका सरकारी निकषाप्रमाणे पाच हजार लोकवस्तीसाठी असते. लसीकरण, गरोदर बायांच्या नोंदी, कुटुंबनियोजन, साथीचे सर्वेक्षण हे सगळे तिचेच. ऊसतोडीला गेलेली गंगाखेड-पालमकडची कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात, तेव्हा कुणाचे दिवस भरले, कुणाच्या लेकराची लस चुकली, हे तिच्या वहीत असते. आशा ताईंना रोजच्या कामात शिकवते तीच. इतक्या कामाचा अनुभव घेऊन ती पुढे काय होते? आरोग्य सहायिका. तेही नशिबात असेल तर, निवृत्तीच्या आसपास. त्यापुढे पायरी नाही.

शिकवण्याचे पाहा. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षिका हवी. शिक्षिकांच्या जागा रिकाम्या राहिल्या की विद्यार्थिनींना वॉर्डात कामाला जुंपले जाते आणि त्यालाच प्रात्यक्षिक म्हणतात. दुसरीकडे, वॉर्डातली जुनी सिस्टर सकाळपासून संध्याकाळपर्यंत शिकवतच असते. नव्या मुलींना, वॉर्डबॉयला, रुग्णाच्या नातेवाइकांना. नुकत्याच आलेल्या शिकाऊ डॉक्टरला लहान बाळाची शीर कशी शोधायची हेही बऱ्याचदा तीच दाखवते. या शिकवण्याची नोंद कुठल्याही सेवापुस्तकात नाही. घरात आईचे शिकवणे जसे काम धरले जात नाही, तसेच हे.

आणि तिला स्वतःला शिकायचे असेल तर? परिषदेच्या निकषानुसार परिचारिकेने नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करायचे आणि त्यासाठी दीडशे तासांचे निरंतर शिक्षण घ्यायचे. तत्त्व चांगले आहे. औषधे बदलतात, यंत्रे बदलतात, ज्ञानही बदलायला हवे. पण हे तास कुणाच्या वेळेतून? बदली सिस्टर नाही म्हणून ड्युटीतून सोडत नाहीत. मग साप्ताहिक सुटी जाते, पदरचे पैसे जातात. पुढची पदवी घ्यायची तर दोन वर्षे मोठ्या शहरात राहावे लागते. पस्तिशीतल्या, दोन लेकरांच्या बाईने अभ्यासरजा मागितली की कार्यालय म्हणते, 'माणसे कमी आहेत', आणि घर म्हणते, 'आता शिकून काय करायचे आहे?' दोन्हीकडून एकच उत्तर येते, याला योगायोग कसे म्हणायचे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे परिचारिका आणि सुईणींचे वर्ष म्हणून पाळले. त्या वर्षीच्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे दोन कोटी एकोणऐंशी लाख परिचारिका आणि परिचारक आहेत, आणि त्यात नव्वद टक्के स्त्रिया. त्याच संघटनेच्या २०१९ च्या अहवालाने दाखवले की आरोग्यसेवेतले सत्तर टक्के कर्मचारी स्त्रिया असून वरच्या निर्णयाच्या जागांवर त्या पंचवीस टक्केच आहेत. स्वयंपाक बाईचा आणि ताटावर पहिला मान पुरुषाचा, हेच गणित जगभरच्या दवाखान्यांत आहे.

अधिकाराविना जबाबदारी म्हणजे काय, हे अरुणा शानबागच्या प्रकरणाने दाखवले आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात या तरुण परिचारिकेवर तिथल्याच सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला. कामातल्या गैरप्रकाराबद्दल तिने त्याला समज दिली होती, असे त्या प्रकरणाच्या वृत्तांतांतून पुढे आले. म्हणजे बाईने वापरलेला अधिकार त्याला सहन झाला नाही. खटला चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाचा झाला, लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नाही. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी तिचा मृत्यू होईपर्यंत, एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, केईएमच्या सिस्टरांच्या पिढ्यांनी तिला सांभाळले. दयामरणाच्या अर्जावर ७ मार्च २०११ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की तिच्या वतीने बोलण्याचा हक्क तिची काळजी घेणाऱ्या हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांचा आहे. जी काळजी घेते तिला निर्णयात स्थान आहे, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मानले. मग रोजच्या वॉर्डात, औषधांच्या खरेदीत, पाळ्यांच्या वाटपात, नव्या इमारतीच्या नकाशात तिला स्थान का नाही?

सिस्टरमध्ये नेतृत्व नसते असे कुणी म्हणू नये. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा हॉस्पिटलात अतिरेकी शिरले तेव्हा अंजली कुलथे यांनी वीस गरोदर बायांना सुरक्षित खोलीत हलवले, कळा सुरू झालेल्या एकीला प्रसूतिगृहापर्यंत नेले आणि पुढे कसाबच्या विरोधात न्यायालयात साक्ष दिली. डिसेंबर २०२२ मध्ये त्या संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे बोलल्या. त्या रात्रीचे निर्णय त्यांनी कुणाच्या लेखी आदेशाची वाट पाहून घेतले नव्हते.

आता बाळंतिणीवर ओरडणाऱ्या, प्रसंगी हात उगारणाऱ्या सिस्टरकडे येऊ. तिचे समर्थन होऊच शकत नाही. मार खाणारी बाई बहुतेक वेळा गरीब असते, दलित असते, तांड्यावरची असते, आणि त्या चापटीत जात आणि वर्ग दोन्ही असतात. स्त्री संघटनांनी याविरुद्ध आवाज उठवला तो योग्यच होता आणि पुढेही उठवायला हवा. पण एवढे लक्षात घेऊ की जिला वरच्याला 'नाही' म्हणता येत नाही, तिचा राग खालच्यावर निघतो. सासुरवासात पिचलेली सून पुढे सासू झाल्यावर काय करते हे आपण पाहिले आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयात पाचांमागे एक परिचारिका असा आहे. प्रत्यक्षात एकीवर अख्खा वॉर्ड असतो. २०१७ मध्ये केंद्राने प्रसूतिगृहांसाठी 'लक्ष्य' कार्यक्रम आणला, त्यात सन्मानपूर्वक प्रसूतीची अट आहे. ती अट कोण पाळून घेणार? ज्या परिसेविकेला शिकवायला वेळ आहे, चुकणाऱ्या सिस्टरला जाब विचारण्याचा अधिकार आहे आणि जिच्यावर तेवढीच जबाबदारी आहे, अशीच परिसेविका ते करू शकेल. म्हणून सिस्टरची बढती आणि बाळंतिणीचा सन्मान हे एकमेकांविरुद्धचे प्रश्न नाहीत.

करोनाच्या काळात २०२० मध्ये याच बायकांसाठी थाळ्या वाजल्या. मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिकांना बाह्य यंत्रणेमार्फत होणाऱ्या कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर जावे लागले. कंत्राटी सिस्टरला शिडीच नसते, दरवर्षी तीच पहिली पायरी. खाजगीची गोष्ट तर विचारू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने लहानातल्या लहान खाजगी रुग्णालयातही महिना वीस हजारांपेक्षा कमी पगार नसावा अशी शिफारस केली. आपापल्या तालुक्यातल्या नर्सिंग होममध्ये राबणाऱ्या मुलींना मैत्रिणींनी एकदा विचारून पाहावे.

परभणीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जिल्ह्याने त्यासाठी आंदोलने केली होती, आनंदाचीच गोष्ट आहे. पण महाविद्यालय म्हटले की चर्चा डॉक्टरांच्या शंभर जागांची, इमारतीची आणि यंत्रांची. शिक्षण देणारे रुग्णालय झाले म्हणजे तीन रुग्णांमागे एक परिचारिका लागणार, हे कुणी बोलत नाही. आता बोलायची वेळ आहे. परिचारिकांची आणि पाठ्यनिर्देशिकांची मंजूर पदे किती आणि भरलेली किती, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. ज्येष्ठता यादी दरवर्षी लागावी. निरंतर शिक्षणाचे तास ड्युटीत धरावेत आणि अभ्यासरजेवर गेलेल्या बाईच्या जागी बदली मिळावी. रुग्ण कल्याण समितीत परिचारिकांची निवडून आलेली प्रतिनिधी असावी. लैंगिक छळाविरोधातल्या २०१३ च्या कायद्याखालची अंतर्गत समिती रुग्णालयात खरोखर बसते का आणि शिकाऊ मुलींना तिचा पत्ता माहीत आहे का, हे तपासावे. संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसाविका आयोगाचा कायदा केला आहे, त्याच्या राज्यातल्या अंमलबजावणीत काम करणाऱ्या सिस्टरांचा आवाज असावा.

या मागण्या परिचारिकांच्या संघटना आपापल्या परीने करत आल्या आहेत. पण संप झाला की 'रुग्णांचे हाल' एवढीच बातमी होते आणि त्या एकट्या पडतात. रुग्ण बायकांच्या बाजूने महिला मंडळे त्यांच्याशेजारी उभी राहिली, तर ही बातमी वेगळी लिहावी लागेल. बदल्यात आपणही त्यांना ठणकावून सांगू शकू, की बाई, तुझ्या हक्कासाठी आम्ही येतो, आमच्या बाळंतिणीच्या अंगाला हात लागता कामा नये.

येत्या १२ मेला आपल्या गावच्या दवाखान्यात हार घेऊन जाऊ नका. दोन-चार जणी मिळून जा आणि सिस्टरला बसवून एवढेच विचारा की किती वर्षे झाली, बढती कधी मिळाली, शेवटचे प्रशिक्षण कधी झाले आणि ते कुणाच्या खर्चाने. मिळालेली उत्तरे लिहून घ्या आणि जिल्हा रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीपुढे नेऊन ठेवा. कामाला तिथून सुरुवात करता येईल.