पुदिन्याच्या पानांतील सुगंध

पुदिन्याचें पान बोटांत चुरडलें कीं त्याचा वास हातांस बराच वेळ राहतो. पण न चुरडतां तें नाकाशीं धरल्यास वास मंदच येतो. असें कां व्हावें? याचें कारण, तें तेल सबंध पानांत मुरलेलें नसून पानाच्या पृष्ठभागावरील अतिसूक्ष्म ग्रंथींत कोंडलेलें असतें. भिंगांतून पानाची खालची बाजू पाहिल्यास या ग्रंथी दंवबिंदूंसारख्या चकाकतात.

पेपरमिंट या जातीच्या मोठ्या ग्रंथीच्या माथ्यावर ८ पेशींचें एक चक्र असतें. या पेशी तेल तयार करून आपल्यावरील पातळ आवरणाखालीं सोडतात. तें आवरण फुगतें व त्याची इवलीशी कुपी बनते. एवढें तेल जिवंत पेशींना बाधक असल्यामुळें तें असें बाहेर सांठविलेलेंच बरें.

तेलाची घडण पायरीपायरीनें होते. आरंभीं लिमोनीन हें द्रव्य तयार होतें. संत्र्याच्या सालींतील लिमोनीनचें तें जणूं आरशांतील प्रतिबिंबच! त्यापासून, मधल्या कांहीं रूपांतरांनंतर, मेंथोन व शेवटीं शीतल मेंथॉल होतें. स्पिअरमिंट या जातींत त्याच लिमोनीनला प्राणवायु निराळ्या जागीं जोडला जातो व कार्व्होन बनतें. एवढ्याशा भेदानें दोहोंचा वास भिन्न होतो.

तेलाचा बहुतेक सांठा पान वाढीस असतांनाच, साधारणतः पहिल्या तीन आठवड्यांत, भरून निघतो. पुढें पान जून होऊं लागलें कीं मेंथोनचें मेंथॉल होत जातें.

ही गोष्ट केवळ कुतूहलाची नव्हे. उत्तर प्रदेशांत बाराबंकीच्या परिसरांत हजारों शेतकरी ‘मेंथा’ पिकवितात आणि वाफेच्या साहाय्यानें त्याचें तेल काढितात. पीक लवकर कापलें तर मेंथॉल कमी भरतें. फार थांबलें तर खालचीं पानें गळतात व त्यांबरोबर तेलहि जातें. त्यांतच पावसाळा तोंडावर आलेला असतो. म्हणजे वर्षाची कमाई कापणीच्या मोजक्या दिवसांवर अवलंबून!

आमच्या गृहिणींनींहि यांतून थोडें घ्यावें. पुदिना वाळवावयाचा तो सावलींत. कडक उन्हांत तेल उडून जातें. कढणांत वा सारांत घालावयाचा तो भांडें उतरतांना; फार उकळल्यास सुगंध वाफेबरोबर निघून जातो. आणि चटणीचीं पानें आधीं चिरून ठेवूं नयेत. कुपी एकदां फुटली कीं ती पुन्हां भरत नाहीं.