कोयत्याचे कारण कोणी विचारायचे?

सण किंवा निवडणूक जवळ आली की जिल्हा प्रशासनाचा एक मनाई आदेश वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर छापून येतो. तो सहसा कोणी वाचत नाही. साहित्याच्या अभ्यासकांनी मात्र तो वाचावा, आणि त्याच्यामागचे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधील कलम ३७ (१) तर अवश्य वाचावे. तलवारी, भाले, बंदुका, सुरे, सोटे, लाठ्या अशी यादी देऊन हे कलम थांबत नाही. इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगून फिरण्यास ते मनाई करू देते. त्याच कलमाच्या पुढच्या खंडांत घोषणा, गाणी, वाद्ये, भाषणे आणि हावभावही येतात. सुरी आणि गाणे एकाच पंक्तीत बसविणारा हा मजकूर आपल्या कामाचा नाही, असे आपण कशाच्या बळावर म्हणतो?

यवतमाळ-नागपूर रस्त्यावरच्या कळंबमध्ये ही यादी लावून पाहावी. बाहेरच्यांना हे गाव चिंतामणीच्या देवळामुळे ठाऊक असते. पण भोवतीचा मुलूख कापसाचा आहे. विळा घेऊन निंदणाला निघालेली बाई, खांद्यावर कुऱ्हाड टाकून सरपणाला जाणारा कोलाम, खाटकाचा सत्तूर, चांभाराची रापी: ह्यांतली एकही वस्तू त्या यादीतून सुटत नाही. ‘पण त्यांना कोण पकडतो?’ असे उत्तर हमखास मिळते. माझा आक्षेप नेमका ह्याच उत्तरावर आहे. न पकडणे ही शिपायाची मेहेरनजर झाली. तो त्या बाईचा हक्क झाला नाही.

कायद्याला वस्तूचे प्रयोजन कळत नाही असेही नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ केवळ घरगुती वा शेतीच्या वापरासाठी बनविलेल्या वस्तू शस्त्राच्या व्याख्येतून वगळतो. त्याखालचे नियम नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची मर्यादा सांगतात आणि घरगुती, शेतकी, वैज्ञानिक व औद्योगिक उपयोगासाठी घडविलेली पाती तिच्याबाहेर ठेवतात. म्हणजे एका कायद्याने ज्याला अवजार म्हटले, त्यालाच दुसऱ्या कायद्याखालचा पंधरवड्याचा आदेश हत्यार ठरवू शकतो.

ब्रिटनच्या १९८८ च्या फौजदारी न्याय कायद्याने तीन इंचांपर्यंतचा घडीचा चाकू मोकळा ठेवला आणि बाकी धारदार वस्तू सार्वजनिक जागी बाळगणाऱ्याला ‘योग्य कारण’ दाखविण्याची वाट कायद्यातच लिहून दिली. काम, धर्म, राष्ट्रीय पोशाख ही कारणे तिथे नाव घेऊन आली आहेत. सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आहे, हे त्या कायद्याचे वैगुण्य खरेच. पण कारण सांगण्याची जागा तरी त्यात आहे.

आपल्या १९५१ च्या अधिनियमात कारण विचारले जाते, ते कलम १२२ मध्ये. सूर्यास्त ते सूर्योदय ह्या वेळात घरफोडीचे साधन सापडले तर कायदेशीर सबब सापडलेल्याने सिद्ध करायची. त्याच कलमात, चोर म्हणून ख्याती असलेला माणूस रस्त्यावर रेंगाळताना दिसला आणि त्याला समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर तोही शिक्षेस पात्र ठरतो. ही ख्याती कोणी ठरवायची? १८७१ पासून गुन्हेगार जमाती कायद्यांनी ज्यांच्यावर जन्माने शिक्का मारला त्यांत पारधी होते. ते कायदे १९५२ साली रद्द झाले. शिक्का मात्र पोलीस ठाण्यापासून शाळेच्या पटापर्यंत टिकून राहिला. कापूस वेचून उशिरा परतणाऱ्या कुणब्याचा विळा हा विळाच राहतो. फासेपारध्याच्या हाती तोच विळा ‘घातक शस्त्र’ होतो. पात्याची लांबी तीच असते, बदलते ती पाहणाऱ्याची नजर.

ह्या नजरेला शब्द पुरविण्याचे काम आपली भाषा करते. मराठवाड्यातील ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तिच्या नावावर मुकादम उचल देतो. अलीकडच्या वर्षांत पुण्याच्या बातम्यांनी ‘कोयता गँग’ हा शब्द रूढ केला आणि घामाचे एकक दहशतीचे नाव झाले. गुन्हे खरे होते, दहशतही खरी होती, आणि तिचा बंदोबस्त झालाच पाहिजे. त्यासाठी हल्ल्याचा हेतू सिद्ध करा. अवजाराचे नाव बदनाम करून तो सिद्ध होत नाही.

मागणी साधी आहे. मनाई आदेशातच धंद्याची व शेतीची अवजारे कामासाठी नेण्याची सूट स्पष्ट लिहावी. पंचनाम्यात ‘धारदार शस्त्र’ न लिहिता वस्तूचे खरे नाव, पात्याचे माप आणि बाळगणाऱ्याने सांगितलेले कारण नोंदवावे. आणि आपण, जे शब्दांचे नेमकेपण शिकवून पगार घेतो, त्यांनी पंचनामा व मनाई आदेश हे गद्यप्रकार वर्गात वाचायला घ्यावेत. कवितेतल्या विळ्यावर तासभर बोलता येते. पंचनाम्यातल्या विळ्यावर माणसाची कोठडी ठरते.