मालक बदलता येतो का?

परदेशी नोकरीची चर्चा आपल्याकडे दोनच आकड्यांभोवती फिरते: पगार किती आणि माणसे किती गेली. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हा गाजले ते पहिल्या टप्प्यातले १० हजार तरुण. बाहेरून येणाऱ्या पैशाचेही तेच. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये अनिवासी भारतीयांनी पाठवलेल्या रकमेचा साधारण पाचवा हिस्सा महाराष्ट्रात आला, केरळपेक्षाही थोडा जास्त. अभिमान वाटावा असेच हे आहे. पण परक्या मुलखात आपल्या माणसाचे काय होणार, ते या आकड्यांवरून कळत नाही. ते कळायचे तर विचारायला हवे की मालक पटला नाही, तर तिथेच राहून दुसरा धरता येतो का?

कोकणातल्या ज्या घरांतून दोन-दोन पिढ्या आखातात गेल्या, तिथे कफील, म्हणजे ज्याच्या जामिनावर व्हिसा मिळतो तो मालक, कोण हे समजावून सांगावे लागत नाही. कामगाराचा व्हिसा आणि अकामा (राहण्याचा परवाना) त्याच्याशी बांधलेला असतो. त्याला न विचारता काम सोडले तर ‘पळून गेला’ अशी तक्रार तो नोंदवू शकतो, आणि रीतसर आलेला माणूस तेवढ्यावर बेकायदा ठरतो. तीन महिने पगार थकला, करारात इलेक्ट्रिशियन लिहिले होते आणि हातात घमेले आले, पासपोर्ट कंपनीच्या कपाटात गेला: या सगळ्याविरुद्ध कायदे तिथेही आहेत. पण ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याच सहीवर आपला मुक्काम अवलंबून असेल, तर त्या कायद्याच्या दारात जाणार कोण? जून २०२४ मध्ये कुवेतच्या मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागून किमान ४५ भारतीय दगावले. दाटीवाटीने भरलेल्या खोल्यांबद्दल नंतर बरेच लिहिले गेले. मात्र राहायची जागाही मालकच देतो, तेव्हा वाईट खोली नाकारणे म्हणजे नोकरी नाकारणे, ही गोष्ट त्या चर्चेत मागेच राहिली.

ही गाठ थोडी सैल केली तर काय होते, याचा चांगला पुरावा उपलब्ध आहे. संयुक्त अरब अमिरातीने जानेवारी २०११ पासून करार संपलेल्या कामगाराला जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राविना दुसरीकडे जाण्याची मुभा दिली. सुरेश नायडू, याव न्यार्को आणि शिंग-यी वांग या अर्थशास्त्रज्ञांनी पगाराच्या नोंदी तपासल्या. या बदलामुळे करार संपलेल्यांची कमाई दहा टक्क्यांहून जास्त वाढली. गंमत अशी, की जुन्याच मालकाकडे टिकणाऱ्यांचे प्रमाणही वाढले, कारण करार संपताच मायदेशी परतणारे घटले. म्हणजे कामगार जाऊ शकतो एवढे कळले, तरी मालकाचा हात खिशाकडे वळतो. अशी गाठ अमेरिकेतही आहे. तिथल्या आपल्या एच-१बी व्हिसाधारकांना कफीलशी केलेली तुलना झोंबेल. त्यांना नोकरी बदलता येते, हे खरेच. पण नोकरी सुटल्यावर दुसरी शोधायला मिळतात जास्तीत जास्त ६० दिवस, ग्रीन कार्डासाठी अर्ज बहुधा कंपनीच करते, आणि एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग वर्षानुवर्षे हलत नाही. वातानुकूलित कचेरीत बसूनही बॉसपुढे मान खाली घालायला एवढे पुरते.

यावर मालकांचे म्हणणे हलके घेण्यासारखे नाही. विमानाचे तिकीट, परवाने, प्रशिक्षण यांवर पैसा ओतायचा आणि माणूस महिन्याभरात शेजाऱ्याकडे जाणार असेल, तर तो आणायचाच कशाला? अमिरातीच्या त्याच अभ्यासात याला दुजोराही मिळतो: नव्या भरतीची मागणी घटली, नव्याने येणाऱ्यांची कमाईही उतरली. तेव्हा हा हक्क फुकट मिळत नाही. पण खर्चाची वसुलीच करायची, तर ती ठरावीक रकमेची आणि ठरावीक महिन्यांची असू शकते. त्यासाठी माणूसच तारण ठेवण्याची गरज नाही. शिवाय हा खर्च पुष्कळदा मालक करतच नाही. आपल्या नियमांप्रमाणे भरती एजंटाला उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि जीएसटी यापलीकडे काही घेता येत नाही, पण त्याच्या कितीतरी पट उकळले जातात. ‘समजून-उमजून गेला ना?’ असे विचारणाऱ्यांनी त्यासाठी काढावे लागणारे कर्ज आधी मोजावे.

दुसरा आक्षेप आपल्या सरकारी वर्तुळातला: आपण अटी घातल्या तर नेपाळी, बांगलादेशी कामगार ती जागा घेतील. याच धास्तीने केंद्राने २०२० मध्ये आखाती देशांसाठीचे किमान संदर्भ वेतन (भरतीसाठी आपणच ठरवलेला किमान पगार) खाली आणले आणि टीका झाल्यावर २०२१ मध्ये माघार घेतली. फिलिपिन्सने उलटे केले. एका फिलिपिनो घरकामगार बाईच्या खुनानंतर त्याने २०१८ मध्ये कुवेतला कामगार पाठवणे थांबवले, आणि काही महिन्यांत कुवेतने पासपोर्ट मालकाकडे न ठेवण्याचे कलम असलेल्या करारावर सही केली. कलम कागदावर आले म्हणून घरात पाळले जातेच असे नाही. पण आपल्याहून कितीतरी लहान देश एवढे पदरात पाडून घेऊ शकला.

कतारने २०२० मध्ये आणि सौदी अरेबियाने २०२१ मध्ये मालक बदलण्याचे नियम सैल केले, तेव्हा आता ओरड कशाला, असेही म्हटले जाईल. सौदीच्या त्या सुधारणेतून घरकामगार आणि घरगुती ड्रायव्हर वगळले होते, म्हणजे ज्यांना बंद दारामागे सर्वात जास्त गरज होती तेच. आणि प्रश्न आखातापुरता नाही. जर्मनीत परिचारिकेला तिथली मान्यता मिळेपर्यंत सहायक म्हणून, कमी पगारावर राबावे लागते, आणि भाषावर्गाचा खर्च उचलणाऱ्या काही संस्था नोकरी लवकर सोडल्यास तो परत मागतात. परतफेडीच्या त्या कलमात रक्कम किती, महिने किती, आणि ती रक्कम नव्या मालकाने भरली तर चालते का, हे मुलामुलींनी सही करण्यापूर्वी मंत्रालयाने ठरवून घ्यावे आणि मराठीत छापून त्यांच्या हाती द्यावे.