भिंतीला हात फुटतात तेव्हा

अँजिओप्लास्टीला सहा महिने झाले आणि आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली. "नळी साफ झाली, आता गोळी कशाला?" त्यांनी मला जिन्यातच थांबवून विचारलं.

चूक त्यांची नाही. रक्तवाहिनी म्हणजे मोरीचा पाइप आणि चरबी म्हणजे त्यात तुंबलेला गाळ, असं आपणच वर्षानुवर्षं सांगत आलो. या सदरातही मी तो दृष्टान्त वापरला आहे. आज तो मागे घेतो.

धमनीला आतून पेशींच्या एकाच थराचं अस्तर असतं. निरोगी अस्तर इतकं गुळगुळीत असतं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला न चिकटता पुढे जातात. एलडीएल कोलेस्टेरॉल या थराखाली झिरपून खराब झालं, की अस्तराला जणू हात फुटतात. हे हात म्हणजे पेशी चिकटवणारे रेणू. सिलेक्टिन नावाचे रेणू पांढऱ्या पेशीचा वेग कमी करतात, ती भिंतीवरून गडगडत जाते. मग व्हीकॅम आणि आयकॅम हे रेणू तिला घट्ट धरतात आणि ती अस्तराच्या फटीतून आत शिरते. आत चरबी गिळून गिळून फुगते. अशा पेशींचा ढीग साचतो तो नळीच्या पोकळीत नव्हे, भिंतीच्या पोटात.

सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून धमन्या खराब करण्याचा प्रयोग रशियात अनिचकोव्ह यांनी १९१३ सालीच केला होता. पण पेशी भिंतीला धरतात कशा, हे कळायला १९९१ उजाडलं. बोस्टनमध्ये सायबल्स्की आणि गिम्ब्रोन यांना अशाच सशांच्या धमन्यांच्या अस्तरावर व्हीकॅम सापडला. दोनच वर्षांनी दिसलं की असा आहार सुरू झाल्यावर आठवड्याभरात तो उगवतो. पेशींचा ढीग त्यानंतर लागतो. व्हीकॅमही सगळीकडे सारखा उगवत नाही. रक्त सरळ, जोमानं वाहतं तिथलं अस्तर शांत असतं. मानेतली धमनी दुभंगते तशा फाट्यांवर प्रवाह रेंगाळतो, उलटसुलट होतो, आणि तिथेच हे हात जास्त फुटतात.

मग ते छाटून का टाकू नयेत? मला हा या विषयातला सगळ्यात जड प्रश्न वाटतो. काही बाळांच्या पांढऱ्या पेशींवर भिंत पकडणारा रेणू जन्मतःच नसतो. त्यांची नाळ गळायला फार उशीर होतो. जखम होते, पण तिच्यात पू धरत नाही. रक्त पांढऱ्या पेशींनी भरलेलं असतं, पण त्या वाहिनीबाहेर फारशा पडू शकत नाहीत. साधा संसर्गही अशा बाळाच्या जिवावर बेततो. नॅटालिझुमॅब हे औषध व्हीकॅमला धरणारी पांढऱ्या पेशीची मूठच बांधून टाकतं. मल्टिपल स्क्लेरोसिससाठी अमेरिकेत २००४ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. काही रुग्णांच्या मेंदूत एरवी निद्रिस्त असणारा विषाणू उसळला आणि तीनच महिन्यांत ते मागे घ्यावं लागलं. कडक अटींवर ते परतलं २००६ मध्ये. धमन्यांसाठी व्हीकॅम कमी करू पाहणारं सक्सिनोब्युकॉलही सहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत मुख्य कसोटीला उतरलं नाही. उलट रुग्णांचं एलडीएल आणि रक्तदाब वाढला.

म्हणून माझं मत ठाम आहे: हात छाटण्यापेक्षा ते फुटूच नयेत हे पाहावं. एलडीएल खाली ठेवणारी गोळी नेमकं तेच करते. सिगारेट सोडणं, रक्तदाब आणि साखर आवरणं यांचाही रोख तिथेच आहे.

हे सगळं मी काकांना जिन्यातच सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. "म्हणजे स्टेंट बसवला तेवढी जागा सोडून बाकीच्या धमन्या होत्या तशाच?"

तशाच. त्यांनी त्या संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला.