सोळाशे मीटरच्या पुढची तयारी

छत्रपती संभाजीनगरच्या पडेगावहून मिटमिटा, दौलताबादकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने पहाटे धावणारी मुले दिसली की ती भरतीची आहेत, हे कोणाला सांगावे लागत नाही. छावणी शेजारीच, सैन्यभरतीचे कार्यालय शहरात आणि घरची शेती पावसाच्या भरवशावर; तेव्हा वर्दीची ओढ इथे नुसती हौसेची नाही. या मुलांना दोन आकडे तोंडपाठ असतात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारले तर 60 गुण, दहा बीम (पुल-अप) काढले तर 40. अग्निवीर भरतीच्या मैदानावरचे शंभर गुण या दोन गोष्टींतच असल्याने तयारीही त्यांचीच होते. पण ते मिळवून मुलगा बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या, नाशिक रोडला तोफखान्याच्या किंवा अहिल्यानगरला रणगाडा दलाच्या सेंटरवर पोहोचतो, तेव्हा मामला साडेपाच मिनिटांचा राहत नाही. पाठीवर ओझे, हातात रायफल, पायात जड बूट आणि काल दुखलेल्या पायांवरच आजची परेड, असे महिनोन्‌महिने चालते. भरतीची तयारी वेगळी आणि प्रशिक्षणाची वेगळी. आपल्याकडे पहिलीच करून घेतली जाते, आणि तीही बऱ्याचदा अशी की दुसरीचे नुकसान व्हावे.

याला आधार आहे. इस्रायलमध्ये लष्करी सेवा सक्तीची असल्याने तिथल्या अस्थिरोगतज्ज्ञांना एकाच वयाच्या, एकच प्रशिक्षण घेणाऱ्या तरुणांची हाडे वर्षानुवर्षे तपासता आली. 1983 मध्ये त्यांनी पायदळाच्या 295 रंगरुटांवर नजर ठेवली, तेव्हा त्यांतल्या 31 टक्क्यांच्या हाडांना सततच्या ताणाने बारीक चिरा पडलेल्या आढळल्या, सर्वाधिक नडगीच्या हाडाला. पुढे याच मंडळींनी भरतीआधी कोण काय करत होते, याचा माग काढला. जे आधी नियमित धावत होते, त्यांना त्या धावण्याचे संरक्षण मिळालेले दिसले नाही. ज्यांनी किमान दोन वर्षे बास्केटबॉलसारखे चेंडूचे खेळ खेळले होते, त्यांच्यात मात्र अशा चिरांचे प्रमाण बरेच कमी निघाले. उडी, झेप, अचानक थांबणे, गर्रकन वळणे अशा वेगवेगळ्या दिशांनी बसणाऱ्या धक्क्यांनी हाड घडते, आणि त्याला वेळ लागतो. नवा ताण पडला की शरीर आधी हाडातला जुना भाग काढून टाकते आणि मग नवा भरते. या मधल्या आठवड्यांत हाड आधीपेक्षा कच्चे असते. इस्रायलच्या अभ्यासात खो-खो आणि कबड्डी नव्हती, हे उघड आहे. पण त्या खेळांत पाय काय करतात हे आठवले, तर शाळेच्या मैदानावरची दोन वर्षे डांबरी रस्त्यावरच्या दोन महिन्यांपेक्षा मोलाची का ठरावीत, ते लक्षात येईल.

आणि आपल्याकडे दोन महिनेच असतात. 2023 पासून आधी ऑनलाइन लेखी परीक्षा आणि मग मैदान असा क्रम झाला. त्यामुळे अनेक मुले लेखीचा निकाल लागेपर्यंत पुस्तकात आणि निकाल लागल्यावर थेट भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीत जातात. तिथे पहाटे चारला उठणे, सकाळ-संध्याकाळ राउंड, चुकले की ‘रगडा’, म्हणजे शिक्षेची कसरत. नडगी भरून आली तर तेल चोळून पुन्हा धावायचे. नेमक्या कच्च्या हाडावर हा घाव बसतो. त्याच इस्रायली लष्कराने पंचवीस वर्षांत अनेक उपाय करून पाहिले. उपयोगी पडले ते दोन. कूच करण्याचे एकूण अंतर कमी केले आणि रंगरुटाला किमान सहा तास झोप सक्तीची केली, त्यासरशी चिरांचे प्रमाण 60 टक्क्यांहून अधिक घटले. झोपेला आळस समजणाऱ्या प्रशिक्षकांनी हे दोनदा वाचावे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: सैन्य काही गोंजारणार नाही, मग आधीच टणक झालेले काय वाईट? यात तथ्य आहे. वसतिगृहातली सामायिक राहणी, वेळेची शिस्त, थकल्यावरही आज्ञा पाळण्याची सवय यांचा सेंटरवर नक्की उपयोग होतो. पण लष्कर जवानाला टणक करते ते पायरीपायरीने, डॉक्टर हाताशी ठेवून आणि मेसमध्ये पोटभर खाऊ घालून. अकॅडमीने त्यातला रगडा तेवढा उचलावा आणि बाकीचे सोडावे, याला तयारी म्हणता येत नाही. शिवाय नुसती जिद्द शरीराचे नियम बदलत नाही. जुलै 2013 मध्ये ब्रिटनच्या एसएएस या विशेष दलाच्या निवडचाचणीत, वेल्सच्या डोंगरांत, उन्हाच्या तडाख्याने तीन राखीव सैनिक दगावले. त्यांच्यात जिद्द कमी होती असे कोण म्हणेल? 2024 मध्ये झारखंडच्या उत्पादन शुल्क शिपाई भरतीत 10 किलोमीटर धावताना डझनभर उमेदवार गेले. आपल्याच राज्यात 2014 च्या मुंबई पोलीस भरतीत 5 किलोमीटरच्या धावण्यात उमेदवार मृत्युमुखी पडले, तेव्हा कुठे अंतर कमी झाले. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. त्या उन्हाला शरीर सरावायला दहा-चौदा दिवस लागतात, आणि तेही रोज थोडे थोडे वाढवत नेले तर.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. वय उलटत चालले आहे, घरात पैसा नाही. दोन वर्षे कोण थांबणार? थांबायला कोणी सांगत नाही. सुरुवात आधी करावी लागेल, आणि तो खर्च एकट्या घराचा नसावा. याचा नमुना याच शहरात आहे. राज्य शासनाने 1977 मध्ये इथे सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट काढली. दहावीनंतर मुले निवडायची आणि अकरावी-बारावीची दोन वर्षे एनडीएसाठी तयार करायची, अशी तिची रचना आहे. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला निघायला मात्र 2023 उजाडले. अधिकारी व्हायचे तर दोन वर्षांची शांत तयारी लागते, हे शासनाला मान्य आहे. जवान होणाऱ्याला ती का नको, याचे उत्तर कोणी दिलेले नाही. प्रत्येक तालुक्याला संस्था काढता येणार नाही, हे खरे. पण माध्यमिक शाळेत आठवीपासून खेळाचा तास खरोखर होणे, पडेगावसारख्या भागात पळायला मुरमाची धावपट्टी असणे आणि अकॅडम्यांची नोंदणी करून वैद्यकीय तपासणी बंधनकारक करणे, यांना फार पैसा लागत नाही. मुलींच्या बाबतीत तर ही तपासणी अधिक तातडीची आहे, कारण रंगरूट मुलींमध्ये हाडांच्या चिरांचे प्रमाण मुलांपेक्षा जास्त आढळते आणि रक्तक्षय आपल्याकडे घरोघरी आहे.

हातात खरोखर थोडेच आठवडे उरलेल्या मुलाने निदान अंतर आणि वेग एकाच वेळी वाढवू नये, आठवड्यातला एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी आणि नडगीवर बोट दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल तर धावणे थांबवून डॉक्टर गाठावा. सेंटरचे पत्र आल्यावर शेवटच्या आठवड्यात जीव तोडून धावण्यातही काही हशील नाही. ते दिवस नवे बूट पायात रुळवायला आणि झोप भरून काढायला ठेवावेत.