बिट वाचले, व्यंजन गेले?

साध्या डिजिटल टेलिफोनीत आवाजाला सेकंदाला ६४,००० बिट लागतात. लष्करी एचएफ रेडिओच्या वाट्याला येते ती जेमतेम तीन किलोहर्ट्‌झची पट्टी, आणि तीही आयनावरणाच्या लहरीवर अवलंबून. त्यामुळे आवाज बिटांत मांडणाऱ्या लष्करी कोडेकची वाटचाल काटकसरीचीच राहिली: १६ किलोबिटचे सीव्हीएसडी, २,४०० बिटचे एलपीसी-१० (१९८४), ४,८०० बिटचे सेल्प (१९९१) आणि नव्वदच्या दशकाअखेरीस पुन्हा २,४०० वर उतरलेले, पण कितीतरी सुश्राव्य मेल्प. त्याची सुधारित आवृत्ती मेल्पे ‘नाटो’ने स्टॅनॅग ४५९१ म्हणून स्वीकारली. तीत २,४००, १,२०० आणि ६०० असे तीन दर आहेत.

दर कमी होतो तेव्हा नेमके काय घडते? २,४०० वर २२.५ मिलिसेकंदांच्या एका फ्रेमला ५४ बिट मिळतात. ६०० वर तेवढेच ५४ बिट चार फ्रेमच्या एका सुपरफ्रेममध्ये, म्हणजे ९० मिलिसेकंदांत वाटून घ्यावे लागतात. वाचलेले बिट त्रुटीसुधारणेला देता येतात आणि बिकट चॅनेलवरही संभाषण टिकते. हा फायदा मोठाच आहे. पण विलंब वाढतो, आणि एक सुपरफ्रेम बिघडली की अख्खे अक्षर हातचे जाते.

आपल्यासाठी मुद्दा इथून पुढे सुरू होतो. सुबोधता मोजण्यासाठी सर्रास वापरली जाणारी डीआरटी चाचणी इंग्रजी शब्दजोड्यांवर उभी आहे आणि ती फक्त शब्दारंभीचे व्यंजन तपासते. मराठी-हिंदीत मात्र क-ख, ब-भ, त-ट या भेदांवर अर्थ ठरतो. ‘सात’ आणि ‘साठ’ यांतला फरक तर शब्दाच्या शेवटी आहे. तो त्या चाचणीच्या कक्षेतच येत नाही. घ, ध, भ उच्चारताना स्वरतंतूंचे कंपन आणि श्वासाचा आवाज एकत्र येतात. एलपीसी-१० ला एका फ्रेमसाठी ‘घोष’ किंवा ‘अघोष’ एवढेच ठाऊक होते. मेल्प हा निर्णय पाच वारंवारता-पट्ट्यांत वेगवेगळा घेते. पण ६०० वर हा तपशील किती उरतो, हे इंग्रजी गुणांकावरून कळणार नाही.

आता न्यूरल कोडेक आले आहेत. गूगलच्या लायराने २०२१ मध्ये तीन किलोबिटवर आश्चर्य वाटावे असा आवाज दिला. तरी सावध राहायला हवे. खरखर ऐकली की ऑपरेटर ‘पुन्हा सांगा’ म्हणतो. स्वच्छ आवाजात आलेले चुकीचे व्यंजन मात्र तो बिनदिक्कत खरे मानतो. आवाजाचा गोडवा आणि संदेशाची अचूकता या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्याच पाहिजेत.

फेब्रुवारी २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने एसडीआर-टॅक या सॉफ्टवेअर-आधारित रेडिओसाठी भारत इलेक्ट्रॉनिक्सशी करार केला. रेडिओ देशी होत असताना कसोटीही देशी हवी. अभियंत्यांनी ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकांना सोबत घेऊन भारतीय भाषांतील शब्दजोड्यांच्या प्रमाणित याद्या कराव्यात. रणगाडा आणि हेलिकॉप्टरच्या गोंगाटात, बिट-त्रुटींसह, तिन्ही दरांवर त्या तपासाव्यात आणि गोपनीयतेला बाध न आणणारे निष्कर्ष प्रसिद्ध करावेत. असे निष्कर्ष मांडणाऱ्या लेखांना या मासिकात अग्रक्रम मिळेल.